आलेल्या मेलवर आपला शेरा कसा ठेवावा

सावदा-रावेर पट्ट्यात आमचं केळीचं पॅकहाऊस आहे. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि मेलचं एकच खातं. ते आम्ही तिघं जण वापरतो. गेल्या हंगामात एका सोमवारी खरेदीदाराचा मेल आला की कंटेनर गुरुवारी लागेल. मंगळवारी त्यांचाच फोन आला, जहाजाची वेळ पुढे गेली, कंटेनर आता शनिवारी. मी ते डायरीत लिहिलं, डायरी पर्समध्ये टाकली आणि लग्नाला धुळ्याला गेले. बुधवारी धाकट्या दिरांनी मेल उघडला, त्यात गुरुवार वाचला आणि कापणीची टोळी बागेत घातली. संध्याकाळी मुकादमाचा फोन आला. तो अमळनेरकडचा. म्हणाला, "ताई, आते काय करानं?"

कापलेला घड परत झाडाला लागत नाही. निर्यातीचा तो माल मिळेल त्या भावानं इथल्याच बाजारात द्यावा लागला. दिरांची यात काही चूक नव्हती. मेलही खरा होता आणि फोनही खरा होता. फोनवर ठरलेलं माझ्या डायरीत राहिलं आणि मेल जसाच्या तसा उघडा पडला होता, इतकंच.

माझे सासरे, अप्पा, आयुष्यभर एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबाला होते. आलेल्या प्रत्येक पत्राच्या समासात ते लाल पेन्सिलीनं शेरा लिहायचे: अमुक तारखेला बोलणं झालं, इतक्या गाठी पाठवल्या, बाकी इतकी. पत्र ज्याच्या हातात जाईल त्याला पूर्ण गोष्ट कळायची. आपल्या मेलला समास नसतो, पण तो तयार करता येतो. आम्ही तो कसा केला ते इथे सविस्तर लिहिते.

शेऱ्यात काय लिहायचं

प्रोग्रॅम कुठलाही असो, आधी हे ठरवा. आमचा शेरा असा दिसतो:

शेरा: १४ मार्च, सकाळी ११. खरेदीदाराचा फोन. कंटेनर १६ ऐवजी १८ तारखेला. टोळी १७ ला दुपारी. मुकादमाला कळवलं. – वहिनी

तारीख, कोण बोललं, काय बदललं, पुढे कोणी काय करायचं आणि शेरा कोणी लिहिला, एवढं पुरतं. 'उद्या', 'परवा', 'या शनिवारी' असं कधीच लिहू नका. चार दिवसांनी वाचणाऱ्याला तुमचा 'उद्या' कुठला ते कळत नाही.

सुरुवातीला 'शेरा' हा शब्द मुद्दाम असतो. पुढे शोधायचं झालं तर हाच शब्द टाकायचा. तो प्रत्येकानं सारखाच लिहिला पाहिजे. जीमेलचा शोध साधारणपणे अख्खा शब्द जुळवतो, त्यामुळे 'शेरा' शोधलं तर 'शेऱ्यात' सापडेलच असं नाही. आमच्याकडे एक जण 'शेरा' लिहायचा, दुसरा 'टीप', तिसरा रोमन अक्षरांत 'नोट'. महिनाभरानं काहीच सापडेना. मग एका कागदावर शब्द लिहून तो कॉम्प्युटरच्या वर चिकटवला.

थंडरबर्ड वापरत असाल तर

मेल कॉम्प्युटरवर उतरवून वाचणाऱ्यांसाठी थंडरबर्ड हा मोफत प्रोग्रॅम आहे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. त्यात टिपणाची सोय मुळात नाही, पण ॲड-ऑन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, घेतला की ती मिळते. पूर्वी एक्सनोट नावाचं ॲड-ऑन खूप चालायचं. आता त्याच धर्तीचं क्यूनोट आहे. नाव शोधताना रोमन लिपीत लिहायचं, आधी फक्त क्यू हे अक्षर आणि त्याला लागूनच नोट.

१. वर उजव्या कोपऱ्यातल्या तीन रेघांवर क्लिक करा आणि 'ॲड-ऑन्स अँड थीम्स' उघडा.

२. शोधाच्या चौकटीत नाव टाका. जे पान उघडेल त्यात हे ॲड-ऑन तुमच्या थंडरबर्डच्या आवृत्तीला चालतं का, ते आधी वाचा. नंतर 'ॲड टू थंडरबर्ड' दाबा. ते कोणकोणत्या परवानग्या मागतंय ते वाचूनच होकार द्या, कारण हे ॲड-ऑन तुमचे मेल वाचू शकणार आहे.

३. एखादा मेल उघडा. मेलच्या वरच्या पट्टीत टिपणाचं चिन्ह आलेलं दिसेल. ते दाबलं की छोटी चौकट उघडते, आपण घरी फ्रिजवर चिकटवतो त्या पिवळ्या चिठ्ठीसारखी. त्यात शेरा लिहा आणि चौकट बंद करा. लगेच तोच मेल परत उघडून शेरा दिसतोय का ते एकदा बघा.

४. ॲड-ऑनच्या सेटिंगमध्ये जाऊन शेरा मेलच्या मजकुराबरोबरच दिसेल अशी सोय चालू करा. चौकट उघडायचं कोणी विसरलं तरी शेरा नजरेतून सुटत नाही.

हा शेरा मेलला चिकटून कसा राहतो, हे समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक मेलला पाठवतानाच एक वेगळा ओळख क्रमांक मिळतो. त्याला मेसेज-आयडी म्हणतात. थंडरबर्डमध्ये मेल उघडून कंट्रोल आणि यू दाबलं तर मेलचा कच्चा मजकूर दिसतो, त्याच्या वरच्या भागात हा क्रमांक असतो. आपला शेरा या क्रमांकाशी बांधलेला असतो. त्यामुळे मेल 'इनबॉक्स'मधून 'पाठवणी २०२५' या फोल्डरमध्ये हलवला तरी शेरा त्याच्याबरोबर जातो. मूळ मेलच्या मजकुराला मात्र हात लागत नाही, आणि ही या पद्धतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे.

पण याच पद्धतीत एक मोठी अडचण आहे. शेरा मेलच्या सर्व्हरवर, म्हणजे मेल पुरवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर, जात नाही. तो तुमच्या कॉम्प्युटरवर, थंडरबर्डच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये, म्हणजे तो आपले मेल आणि सेटिंग जिथे ठेवतो तिथे, राहतो. दुसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर तोच मेल उघडला तर तिथे शेरा दिसणार नाही. मोबाईलवरही दिसणार नाही, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ॲन्ड्रॉइडच्या थंडरबर्डमध्ये कॉम्प्युटरवरची ही ॲड-ऑन्स चालत नाहीत.

यावर आम्ही काढलेला उपाय असा. थंडरबर्डमध्ये मेलला टॅग, म्हणजे नाव असलेल्या रंगीत खुणा, लावता येतात. मेल निवडून १ ते ५ यांतला आकडा दाबला की त्या क्रमांकाचा टॅग लागतो आणि ० दाबलं की सगळे टॅग निघतात. सेटिंगमध्ये 'जनरल'च्या भागात टॅगची यादी आहे, तिथे नावं बदलता येतात. आम्ही चौथ्या टॅगचं नाव 'शेरा आहे' ठेवलं आणि त्याला लाल रंग दिला, अप्पांच्या पेन्सिलीचा. खातं आयमॅप पद्धतीचं असेल, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहून सगळीकडे सारखे दिसत असतील, आणि सर्व्हर परवानगी देत असेल तर टॅग सर्व्हरवर जातो आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या थंडरबर्डमध्येही दिसतो. नाव आणि रंग मात्र दोन्हीकडे सारखेच करून ठेवावे लागतात. लाल ओळ दिसली की बघणाऱ्याला कळतं, या मेलवर काहीतरी ठरलेलं आहे, पहिल्या टेबलावर विचारायला हवं. कंट्रोल, शिफ्ट आणि के दाबून जी गाळणी उघडते तिच्यातल्या टॅगच्या चिन्हावर क्लिक करून 'शेरा आहे' निवडलं की फक्त लाल मेल समोर राहतात.

बॅकअपशिवाय या पद्धतीवर विसंबू नका. 'टूल्स'मधल्या 'एक्स्पोर्ट'नं अख्ख्या प्रोफाइलची एक झिप फाइल करता येते. मात्र प्रोफाइल २ जीबीपेक्षा मोठं असेल तर ते चालत नाही. आमचं तसंच आहे. मग 'हेल्प'मधलं 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडून तिथून प्रोफाइल फोल्डर कुठे आहे ते बघायचं, थंडरबर्ड पूर्ण बंद करायचं आणि तो फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवायचा. आम्ही हे दर शनिवारी करतो. थंडरबर्डची मोठी नवी आवृत्ती घेण्याआधी तर करायचंच, कारण मोठ्या बदलात जुनी ॲड-ऑन्स बंद पडण्याचे प्रसंग आलेले आहेत.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात जातो आणि वीज, नेट दोन्हींचा भरवसा राहत नाही. तेव्हा लॅपटॉपच्या बॅटरीवर, नेट नसतानाही, उतरवलेल्या मेलवर शेरा लिहिता येतो. एवढ्यासाठी आम्ही थंडरबर्ड सोडलेलं नाही.

जीमेल वापरत असाल तर

बहुतेकांचं काम जीमेलवरच चालतं. त्यातही मेलवर शेरा लिहायची थेट सोय नाही. तरी तीन रस्ते आहेत, आणि कुठला घ्यायचा ते खातं किती जण वापरतात यावर ठरतं.

एकच खातं अनेक जण वापरत असतील तर मी एकच रस्ता सांगेन: तो मेल स्वतःलाच फॉरवर्ड करा. ज्या मेलवर शेरा हवा तो उघडून 'फॉरवर्ड' दाबा. 'टू'मध्ये आपलाच पत्ता टाका. विषयाची ओळ अजिबात बदलू नका, ती बदलली की मेल वेगळा पडतो. फॉरवर्ड करताना जोडलेल्या फाइली पुन्हा सोबत येतात, त्या फुलीवर क्लिक करून काढा, उगीच जागा खातात. सगळ्यात वर 'शेरा:' लिहून मजकूर टाका आणि पाठवा. तो शेरा त्याच संवादाच्या साखळीत, तारखेच्या क्रमानं जाऊन बसतो. कोणीही, कुठूनही, मोबाईलवरूनसुद्धा ती साखळी उघडली की शेवटी शेरा दिसतो.

यात थोडी सुधारणा करता येते. जीमेलमध्ये तुमच्या पत्त्यातल्या नावाच्या पुढे, ॲटच्या चिन्हाआधी, अधिकचं चिन्ह आणि एखादा रोमन शब्द जोडला तरी मेल तुमच्याकडेच येतो. आम्ही नावापुढे अधिक आणि रोमन अक्षरांत 'शेरा' असा पत्ता वापरतो. मग सेटिंगमध्ये फिल्टर केला: या पत्त्यावर आलेल्या मेलला 'शेरा' हे लेबल लाव. डावीकडच्या यादीत त्या लेबलावर क्लिक केलं की शेरे असलेल्या सगळ्या साखळ्या एका जागी मिळतात.

आता यातला धोका, आणि तो नीट वाचा. साखळीतला शेवटचा मेल तुमचा स्वतःचा शेरा असतो. खाली दिसणारं 'रिप्लाय' दाबून खरेदीदाराचा पत्ता टाकला आणि उत्तर पाठवलं, तर शेऱ्याचा मजकूर उत्तराच्या खाली उद्धृत होऊन त्याच्याकडे जातो. लिहिताना तो तीन टिंबांच्या मागे दडलेला असतो, म्हणून आपल्याला दिसत नाही. समजा शेऱ्यात तुम्ही लिहिलंय, 'क्विंटलमागे ५० रुपये कमी करायला आपण तयार आहोत.' मग भाव करायला उरलं काय? म्हणून उत्तर देताना साखळीत वर जा, खरेदीदाराचा स्वतःचा शेवटचा मेल उघडा आणि त्या मेलच्या कोपऱ्यातून 'रिप्लाय' घ्या. पाठवण्याआधी ती तीन टिंबं उघडून खालचा मजकूर बघा. आमच्याकडे हा नियम इतका पक्का आहे की नव्या मुलाला पहिल्या दिवशी हेच शिकवतो. आणि भावाची आतली गोष्ट शेऱ्यात लिहायचीच नाही, ती तोंडी.

काही जण साखळीत उत्तराचा मसुदा अर्धवट लिहून तोच टिपण म्हणून ठेवतात. तसं करू नका. मसुदा आणि 'सेंड' यांच्यात एका क्लिकचंच अंतर असतं.

दुसरा रस्ता गूगल कीपचा. कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं की उजव्या कडेला चिन्हांची उभी पट्टी असते, तिच्यात कीपचं चिन्ह आहे. मेल उघडा ठेवून तिथे नवं टिपण लिहिलं की त्या टिपणाला मेलची लिंक आपोआप जोडली जाते. नंतर कीपमधून त्या लिंकवर क्लिक करून मेलवर जाता येतं. उलट दिशेनं मात्र हे कच्चं आहे, कारण मेल उघडणाऱ्याला टिपण आहे हे मेलमध्ये कुठेच दिसत नाही. एकट्यानं काम करणाऱ्याला, स्वतःच्या आठवणीपुरतं, हे बरं आहे.

तिसरा रस्ता टास्कचा. ज्या मेलवर अमुक तारखेला काही करायचंय, त्यासाठी हा उत्तम. मेल उघडून वरच्या तीन टिंबांमधून 'ॲड टू टास्क्स' निवडा. मेलचा विषय हेच कामाचं नाव होतं, खाली तपशिलाच्या जागी शेरा लिहा आणि तारीख द्या. तारीख दिलेलं काम गूगल कॅलेंडरमध्येही दिसतं. हे मोबाईलच्या जीमेलमधूनही जमतं. कंटेनरमध्ये भरलेल्या मालाचा तपासणी अहवाल, कागदपत्रांची शेवटची तारीख, फळपीक विम्याच्या हप्त्याची मुदत, असे मेल आले की आम्ही लगेच टास्क करतो.

आउटलूकमध्ये

कॉम्प्युटरवरच्या जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलूकमध्ये आलेल्या मेलचा मजकूरच बदलता येतो. मेल दोनदा क्लिक करून वेगळ्या खिडकीत उघडायचा, 'मेसेज'च्या पट्टीतल्या 'मूव्ह' गटात 'ॲक्शन्स' आणि त्यात 'एडिट मेसेज'. मग सगळ्यात वर शेरा लिहून जतन करायचं. सोपं आहे, पण मी ते वापरत नाही आणि तुम्हीही व्यवहाराच्या मेलवर वापरू नका.

कारण सांगते. मेल हा उद्या पुरावा होऊ शकतो. पैसे अडकले, माल नाकारला, वाद झाला तर आपल्याकडे हाच कागद असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. आपणच मजकुरात भर घातलेला मेल तिथे घेऊन जायचा म्हणजे समोरच्या वकिलाला आयता मुद्दा देणं. शिवाय बऱ्याच मेलवर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरची डीकेआयएम नावाची डिजिटल सही असते. मजकूर बदलला की ती सही जुळत नाही. अप्पासुद्धा शेरा समासातच लिहायचे, समोरच्याच्या ओळींत कधी लिहीत नसत.

त्यापेक्षा मेलला फ्लॅग लावा. क्लासिक आउटलूकमध्ये 'फॉलो अप'मधून 'कस्टम' घेतलं की 'फ्लॅग टू'च्या जागी आपले शब्द लिहिता येतात, आणि ते मेलच्या वर पट्टीत दिसतात. जागा कमी असते, म्हणून 'शेरा: १८ ला कंटेनर' एवढंच. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर त्यांच्या टू डू ॲपमध्ये 'फ्लॅग्ड ईमेल' नावाची यादी चालू करा. फ्लॅग लावलेला प्रत्येक मेल तिथे काम म्हणून येतो आणि त्याच्याखाली सविस्तर टिपण लिहिता येतं. मूळ मेल तसाच राहतो.

महत्त्वाच्या मेलची मूळ प्रत

प्रोग्रॅम कुठलाही असो, करार, भाव आणि पैसे यांच्या मेलची एक मूळ प्रत बाजूला ठेवा. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांमधलं 'डाउनलोड मेसेज' घेतलं की ईएमएल प्रकारची फाइल उतरते. थंडरबर्डमध्ये 'सेव्ह ॲज'नं तीच मिळते. स्क्रीनशॉट किंवा प्रिंटमध्ये मेसेज-आयडी आणि मेलचा प्रवास दाखवणाऱ्या ओळी येत नाहीत, या फाइलमध्ये त्या सगळ्या असतात. फाइलच्या नावात तारीख टाका.

बांधावरून शेरा

आमचे अर्धे फोन तर बागेत असतानाच येतात. तेव्हा डायरी जवळ नसते, ऑफिस दहा किलोमीटरवर. मोबाईलवर जीमेल उघडायचं, ती साखळी शोधायची, फॉरवर्ड, शेऱ्याचा पत्ता. टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डला मराठी भाषा जोडून ठेवली आहे. माइकचं चिन्ह दाबून बोललं की मजकूर उमटतो. आकडे मात्र पाठवण्याआधी वाचून बघा. 'सोळा' आणि 'अठरा' यांची गल्लत कुठे नेते ते आम्ही पाहिलंय. फोन ठेवल्यानंतर गाडीला किक मारायच्या आधी शेरा गेलेला असला पाहिजे, असं आम्ही तिघांनी ठरवून घेतलं आहे.

जुन्या मेलवर शेरे लिहीत बसू नका. पहिल्या दिवशी मी तीन वर्षांचे मेल काढून बसले होते, आणि दोन तासांत वैतागले. ज्यांचं काम अजून उघडं आहे तेवढेच मेल घ्या. आमच्याकडे ते सतरा निघाले. रोज संध्याकाळी, टोळीला दुसऱ्या दिवसाचं सांगण्याआधी, दिर लाल टॅगचे मेल आणि 'शेरा' लेबल दोन्ही उघडतात आणि मोठ्यानं वाचतात. माल पोचला, पैसे जमा झाले की शेवटचा शेरा लिहायचा: 'मिटलं', तारीख, रक्कम. मग ० दाबून टॅग काढायचा आणि मेल त्या हंगामाच्या फोल्डरमध्ये टाकायचा.